गाभडलेली गाय निगेटिव्ह, व्यायला टेकलेली म्हैस पॉझिटिव्ह : ब्रुसेलोसिसचा रिपोर्ट कसा वाचायचा?

कोठा_कळमेश्वर

कळमेश्वर तालुक्यातला कोठा आहे. १४ संकरित गायी, ५ नागपुरी म्हशी, ४ कालवडी, शिवाय ९ बेरारी शेळ्या. शेळ्या दिवसा चराईला, रात्री त्याच छपराखाली.

एका गायीने सातव्या महिन्यात गाभ टाकला आणि जार अडकला. चौथ्या दिवशी वर्षाच्या वरच्या सगळ्या गायी, म्हशी, कालवडींचं रक्त घेतलं. २३ नमुने झाले. शेळ्यांचं घेतलं नाही. दवाखान्यात ब्रुसेलोसिसची, म्हणजे ब्रुसेला जंतूमुळे गाभ पडण्याच्या रोगाची, रोझ बंगाल (आरबीपीटी, रक्ताची झटपट चाचणी) केली, त्यात तीन पॉझिटिव्ह आल्या :

एक गाय, चौथं वेत, व्यायला पाच महिने झाले, दुधावर. लहानपणी ब्रुसेलाची लस नाही.
एक म्हैस, दहावा महिना सुरू, आटलेली. लस नाही.
एक कालवड, १३ महिन्यांची. सहाव्या महिन्यात सरकारी मोहिमेत लस झालेली, बिल्ला आहे.

जिने गाभ टाकला ती मात्र निगेटिव्ह. डेअरीला जाणाऱ्या एकत्र दुधाची रिंग टेस्टही निगेटिव्ह.

आता प्रश्न असे. गाभडलेली निगेटिव्ह म्हणजे कारण दुसरंच समजायचं का? कालवडीचा रिपोर्ट धरायचा की सोडायचा? रिंग टेस्ट निगेटिव्ह असताना दुधावरची गाय पॉझिटिव्ह कशी? आणि पुढची तपासणी कोणती, किती दिवसांनी, कोणाकोणाची?

---

गावचा_पशुवैद्य

भाऊ, रिपोर्टचा कागद बाजूला ठेवा आणि आधी म्हशीकडे पाहा. तुमच्या चौघींत आज सर्वांत धोक्याची तीच आहे. ब्रुसेला अबॉर्टस हा जंतू गाभण जनावराच्या गर्भाशयात आणि जारेत जितका वाढतो तितका दुसरीकडे कुठे वाढत नाही. पॉझिटिव्ह म्हैस वेळेवर व्याली, पिल्लू ठणठणीत निघालं, तरी तिच्या पाण्यात, जारेत आणि पुढच्या काही आठवड्यांच्या स्रावात जंतू असू शकतात. ते चाटून, त्याने माखलेला चारा खाऊन बाकीच्यांना लागण होते. म्हशीचे दिवस साधारण ३१० धरतात, म्हणजे तुमच्याकडे फार वेळ नाही.

तिला आजच वेगळी बांधा. नुसतं टोकाच्या खुंट्याला नाही, तर जिथली मोरी बाकीच्यांकडे वाहत नाही अशा जागी. घमेलं, बादली, खराटा तिचा वेगळा. तिचं काम सगळ्यांत शेवटी करायचं. खाली कुटार टाकलं तर व्याल्यावर ते उकिरड्यावर न नेता जाळायचं. जार आणि मेलेलं पिल्लू असेल तर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं, वर दगड, नाहीतर रात्रीतून कुत्री उकरतात आणि तेच तुकडे गावभर फिरवतात. जमिनीवर २ ते ३ टक्के कॉस्टिक सोडा किंवा ताज्या विझवलेल्या चुन्याचं २० टक्के द्रावण. आधी शेण खरवडून काढा. शेणावर ओतलेलं औषध खालपर्यंत पोचत नाही. उघड्या कडक उन्हात हा जंतू काही तासांत मरतो, सावलीतल्या ओल्या मातीत मात्र महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून कोठ्याचा तो ओला कोपरा अंगणापेक्षा वाईट. स्राव पूर्ण थांबेपर्यंत, किमान महिनाभर, तिला कळपात घेऊ नका.

आता गाभडलेली गाय. ती निगेटिव्ह आहे असं मी म्हणणार नाही, तिचा चौथ्या दिवसाचा नमुना निगेटिव्ह आहे इतकंच. दोन गोष्टी होतात. एक, लागण नवी असेल तर प्रतिपिंडं (जंतूशी लढायला अंगात बनणारे घटक, चाचणी तेच शोधते) मोजण्याजोगी व्हायच्या आधीच गाभ पडू शकतो. दुसरी, व्याण्याच्या आगेमागे दोन-तीन आठवडे रक्तातली प्रतिपिंडं कासेत, चिकात उतरतात आणि रक्तातली पातळी खाली येते. त्या काळातला निगेटिव्ह कच्चा धरायचा. तिचं रक्त पहिल्या नमुन्यापासून २१ दिवसांनी परत घ्या. तोपर्यंत तिला पॉझिटिव्ह समजूनच वेगळी ठेवा.

गर्भ पुरला असेल तर उकरू नका. पुढे कधी असं झालं तर लक्षात असू द्या : गर्भाच्या जठरातलं पाणी, फुप्फुस, प्लीहा आणि जारेच्या गाठीचा तुकडा यातून जंतू थेट सापडतो. सुधारित झील-नील्सन पद्धतीने रंगवलेल्या काचपट्टीवर निळ्या पार्श्वभूमीवर लाल बारीक जंतूंचे पुंजके दिसतात. पण तो गर्भ कोठ्यात फाडायचा नाही. दुहेरी प्लॅस्टिक पिशवी, बर्फाचा डबा आणि सरळ प्रयोगशाळा.

कालवडीचा रिपोर्ट तूर्त सोडा. मोहिमेतली लस म्हणजे स्ट्रेन १९, जिवंत जंतूंची. तिच्यामुळे बनणारी प्रतिपिंडं आणि खऱ्या रोगाची प्रतिपिंडं आरबीपीटीला सारखीच दिसतात. ४ ते ८ महिन्यांत टोचलेल्या बहुतेक कालवडींची प्रतिपिंडं दीड-दोन वर्षांपर्यंत उतरतात. १३ महिन्यांवर तिची तपासणी करायलाच नको होती. दोन वर्षांची झाली की करा. फक्त एक पाहा, लसीची नोंद त्याच बिल्ल्याच्या १२ आकडी नंबरवर आहे ना? बिल्ला पडला आणि नवा बसवला की जुनी नोंद हरवते आणि लसीचं जनावर बिनलसीचं ठरतं.

---

सीरम_आणि_स्लाइड

डॉक्टरसाहेबांनी अर्थ सांगितला. पण चाचणी बरोबर झाली का, हे कोणी विचारलं नाही. आरबीपीटी दिसायला इतकी सोपी की सगळे ती घाईत करतात. कोठा_कळमेश्वर, तीन गोष्टी सांगा : चाचणी कुठे केली, थेंब कशाने टाकले, आणि किती मिनिटांनी वाचली?

---

कोठा_कळमेश्वर

दवाखान्याच्या व्हरांड्यात, दुपारी, पंखा चालू होता. बाहेर ४२ च्या वर असेल. अँटिजेनच्या (चाचणीच्या रंगीत जंतूंच्या) बाटलीला ड्रॉपर होता, सीरम (रक्तावरचं पिवळं पाणी) सिरिंजने थेंब-थेंब टाकलं. २३ नमुने तीन पांढऱ्या टाइल्सवर एकदम मांडले होते. शेवटच्या टाइलपर्यंत यायला सात-आठ मिनिटं गेली असावीत.

आणि दूध गावातून दुचाकीच्या कॅरिअरवर नेलं होतं, १८ किलोमीटर.

---

सीरम_आणि_स्लाइड

बरं झालं सांगितलंत. यातली प्रत्येक गोष्ट निकाल फिरवू शकते.

सीरम आणि अँटिजेन दोन्ही फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, साधारण अर्धा तास. पण ‘खोलीचं तापमान’ म्हणजे २२ अंश, चार इकडे-तिकडे. एप्रिल-मेच्या नागपुरातला व्हरांडा त्यात बसत नाही. एसीची खोली शोधा, नाहीतर सकाळी सातला करा. आणि पंखा बंद. पंख्याखाली थेंबाची कड वाळते, वाळलेल्या कडेला गुलाबी दाणे धरतात आणि ते गुठळीसारखे दिसतात. शेवटच्या टाइलवरचा पॉझिटिव्ह मी त्यामुळे संशयानेच पाहीन.

अँटिजेनची अख्खी बाटली बाहेर काढू नका, दिवसापुरतं काढा. गोठलेलं अँटिजेन टाकून द्यायचं. फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकलेली बाटली गोठते, हे दवाखान्यात वारंवार घडतं. गोठून वितळलेल्या अँटिजेनमध्ये आधीच कण असतात, मग प्रत्येक नमुना ‘पॉझिटिव्ह’.

मात्रा : ३० मायक्रोलिटर सीरम, शेजारी ३० मायक्रोलिटर अँटिजेन, बाटली हलकेच हलवून मग. सिरिंजच्या सुईचा थेंब आणि ड्रॉपरचा थेंब एकसारखे नसतात, सुईचा बारीक असतो. सीरम कमी आणि अँटिजेन जास्त झालं की कमजोर पॉझिटिव्ह हातातून जातो. मायक्रोपिपेट नसेल तर दोन्हीसाठी एकाच प्रकारचे ड्रॉपर तरी वापरा. प्रत्येक नमुन्याला नवी काडी. दोन सेंटिमीटरचं गोल होईल इतकं पसरवायचं, मग टाइल हातात धरून हळू झुलवत बरोबर ४ मिनिटं. चौथं मिनिट संपताच वाचायचं. उजेडाकडे किंचित तिरकी धरली की कडेला बारीक रवाळ दिसतो. दिसण्याजोगी कोणतीही गुठळी म्हणजे पॉझिटिव्ह, इथे एक प्लस-दोन प्लसचा घोळ नको. ४ मिनिटांनंतर दिसू लागलेलं काहीही धरायचं नाही.

एका वेळी टाइलवर आठ-दहापेक्षा जास्त नमुने मांडू नका. पहिल्याला चार मिनिटं झाली तेव्हा शेवटचा मिसळलाच नाही, असं होतं. आणि दर खेपेला तीन कंट्रोल (निकाल आधीच माहीत असलेले नमुने) : पक्का पॉझिटिव्ह, कमजोर पॉझिटिव्ह, निगेटिव्ह. कमजोर पॉझिटिव्ह सगळ्यात महत्त्वाचा. अँटिजेन म्हातारं झालं की तोच आधी गळतो.

रक्ताबद्दल. मानेच्या शिरेतून १८ गेजच्या सुईने ५ ते १० मिली, साध्या लाल टोपणाच्या किंवा क्लॉट अॅक्टिव्हेटर असलेल्या नळीत. जांभळ्या टोपणाची नको. सिरिंजने काढलं तर सुई काढून मगच नळीच्या भिंतीवरून हळू सोडा. बारीक सुईतून जोराने सोडलं की लाल पेशी फुटतात आणि सीरम सरबतासारखं लाल होतं. गुलाबी अँटिजेनमध्ये लाल सीरम, काय वाचणार? नळी तिरपी ठेवून सावलीत एक-दोन तास, गठ्ठा आकसून पिवळं पाणी वर येईपर्यंत. तोपर्यंत बर्फ नाही, गाडीची डिकी नाही. मग सीरम दुसऱ्या कुपीत ओतून २ ते ८ अंशांत. चार-पाच दिवस सहज जातात. त्याहून जास्त ठेवायचं तर उणे २० ला, पण एकदाच गोठवायचं. रक्ताची अख्खी नळी फ्रीझरमध्ये टाकली की नमुना गेला.

आणि प्रत्येक जनावराला नवी सुई. हे सांगावं लागू नये.

२३ जणांचं सीरम उरलं आहे का? असेल तर सकाळी, चार मिनिटांचं घड्याळ लावून, सगळे परत करा. तिघींचेच नाही. वेळ टळल्याने खोटे पॉझिटिव्ह येतात, तसे बारीक थेंबाने खोटे निगेटिव्हही येतात.

---

पर्यवेक्षक_काटोल

रिंग टेस्टचं मी सांगतो.

ही चाचणी दुधातल्या स्निग्धांशाच्या कणांवर चालते. प्रतिपिंडं एका टोकाने रंगवलेल्या जंतूला धरतात, दुसऱ्या बाजूने चरबीच्या कणांना चिकटतात आणि साय वर येताना रंग सोबत घेऊन येते. वर जांभळट-निळी कडी आणि खाली पांढरं दूध, हा पक्का पॉझिटिव्ह. वर पांढरी साय आणि खाली दूध रंगीत, तो निगेटिव्ह. कडी आणि दूध सारख्याच रंगाचे दिसले तर? तोही पॉझिटिव्हच धरायचा, दूध कडीपेक्षा गडद असेल तेव्हाच निगेटिव्ह.

१ मिली दूध, ३० मायक्रोलिटर अँटिजेन, दोन-तीनदा नळी उलटी करून मिसळायचं, ३७ अंशांत एक तास. नळीत दुधाची उंची किमान २५ मिलिमीटर हवी, म्हणून अरुंद नळी. चहाच्या ग्लासात ही चाचणी होत नाही!

आता १८ किलोमीटर कॅरिअरवर. खड्ड्यांत घुसळलेल्या दुधात चरबीचे कण फुटतात, एकमेकांना चिकटून लोणी धरू लागतात, मग कडी बनणार कशी? तापवलेलं, गोठवलेलं, साय काढलेलं आणि तीन दिवसांपेक्षा जुनं दूधही बाद. ताजं दूध काढल्या काढल्या लावलं तर उलट चूक, खोटी कडी येते. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी लावणं बरं. नमुना आईसबॉक्समध्ये, उभा, कोणाच्या तरी मांडीवर.

शिवाय त्या कॅनमध्ये कोण होतं ते पाहा. गाभडलेली गाय बहुधा नाही, म्हैस आटलेली, म्हणजे तीही नाही. चौघींपैकी फक्त एक गाय. रिंग टेस्ट ही कळपाची चाचणी आहे, आणि कळपातली जी जनावरं दूध देत नाहीत त्यांच्याबद्दल ती काहीच बोलत नाही. निगेटिव्ह आली म्हणून कोणी निश्चिंत होऊ नये.

एकेका गायीच्या दुधावर मात्र ही लावत बसू नका. दगडी असलेली कास, पहिल्या आठवड्याचं चिकाचं दूध, आटायला आलेल्या गायीचं दूध, या तिन्हींत खोटी कडी येते.

---

शेळीवाला_उमरेड

नऊ शेळ्यांचं कोणी बोललंच नाही. त्या रात्री त्याच छपराखाली असतात म्हणालात ना?

शेळी-मेंढीतला मुख्य जंतू वेगळा, ब्रुसेला मेलिटेन्सिस. तो गायी-म्हशींतही जातो, आणि माणसाला होणाऱ्या ब्रुसेलांत सर्वांत त्रासदायक तोच. शेळी पाच महिन्यांची गाभण, गाभ टाकते तो शेवटच्या दोन महिन्यांत. गेल्या दोन विणीत एखादी पाट किंवा शेळी अशी गाभडली असेल तर ‘ऊन लागलं’ म्हणून सोडून दिलेलं असतं.

सगळ्या नऊ आणि बोकड असेल तर तोही. बोकडाचं वृषण दोन्ही हातांनी चाचपून पाहा, एक मोठं, गरम, कडक लागलं तर तो आधी बाजूला. रक्त मानेतूनच, २० गेज, ३ ते ५ मिली पुरे.

आरबीपीटी करताना शेळीसाठी प्रमाण बदलतं : ७५ मायक्रोलिटर सीरमला २५ मायक्रोलिटर अँटिजेन. गायीसारखं समान घेतलं तर शेळ्यांतले पॉझिटिव्ह सुटतात. वाचायची वेळ तीच, ४ मिनिटं. रिंग टेस्ट शेळीच्या दुधाला लावू नका, चरबीचे कण फार बारीक, साय नीट वर येत नाही. नळीतली चाचणी (एसटीएटी) केली तर आपल्याकडे गायी-म्हशींना १:४० म्हणजे ८० आंतरराष्ट्रीय एककं पॉझिटिव्ह धरतात, शेळी-मेंढीला १:२० म्हणजे ४० पासूनच. रिपोर्टवर ‘४०, संशयास्पद’ असं छापून आलं आणि नमुना शेळीचा असला, तर तो गायीच्या तक्त्यावर वाचला गेला आहे.

शेळीत एकट्या जनावराच्या रिपोर्टपेक्षा अख्ख्या कळपाचा निकाल वाचायचा. नऊपैकी दोन पॉझिटिव्ह निघाल्या तर बाकी सात ‘स्वच्छ’ नाहीत, ‘अजून न दिसलेल्या’ आहेत. आणि मोहिमेतली स्ट्रेन १९ शेळ्यांना टोचून घ्यायची नाही. ती गायी-म्हशींच्या माद्या वासरांसाठीच आहे.

तोवर शेळ्या रात्री दुसरीकडे. दावण तर अजिबात एक नको.

---

सीरम_आणि_स्लाइड

शेळीवाल्या भाऊंचं बरोबर. त्यात भर : आरबीपीटी हे सांगत नाही की अबॉर्टस आहे की मेलिटेन्सिस. दोन्हींना सारखीच लागते. ते कल्चरचं (जंतू वाढवून पाहणं) किंवा पीसीआरचं (जंतूची जनुकीय चाचणी) काम.

पुढची चाचणी म्हणून माझं मत, तिन्ही पॉझिटिव्ह आणि गाभडलेली, चौघींचं सीरम एलायझाला (प्रतिपिंडं मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणी) पाठवा. बंगळूरच्या निवेदी या पशुरोग संशोधन संस्थेने बनवलेली एलायझा प्रोटीन-जी (अनेक प्राण्यांची प्रतिपिंडं धरणारं प्रथिन) वर आधारलेली आहे, त्यामुळे गाय, म्हैस, शेळी सगळ्यांना एकच चालते. आधी नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा तुमच्या दवाखान्यामार्फत विचारून घ्या. एलायझाची प्लेट ९६ खणांची असते, चार नमुन्यांसाठी ती उघडत नाहीत. नमुने साठेपर्यंत तुमचं सीरम उणे २० ला थांबेल.

एलायझाच्या आधी कोणतंही जनावर पॉझिटिव्ह म्हणून जाहीर करू नये असं मला वाटतं. येर्सिनिया एन्टेरोकोलिटिका या वेगळ्याच जंतूच्या ओ:९ या प्रकाराची बाहेरची साखळी ब्रुसेलासारखीच असते आणि त्यानेही आरबीपीटीत गुठळी येते.

---

गावचा_पशुवैद्य

इथे माझं जमत नाही, सर.

हिशोब असा. समजा चाचणी १००० निरोगी जनावरांत २० वेळा चुकून पॉझिटिव्ह देते. ज्या गावात गाभ पडल्याची तक्रारच नाही आणि हजारांत पाचच खरी आजारी आहेत, तिथे २५ पॉझिटिव्ह येतील आणि त्यातले २० खोटे. तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के, दुसऱ्या चाचणीशिवाय बोलू नये. पण इथे सातव्या महिन्यात गाभ पडला आहे, जार अडकला आहे, आणि लस न टोचलेल्या १९ मोठ्या जनावरांत दोन पॉझिटिव्ह. या कोठ्यात आरबीपीटीचा पॉझिटिव्ह खरा समजून वागायचं. एलायझा जरूर करा, पण तिची वाट पाहत म्हशीला दावणीत ठेवून ती व्याली, तर नंतर आलेला अचूक रिपोर्ट काय कामाचा?

वेगळं बांधायला एक चाचणी पुरे. कायमचं काढायला दोन हव्यात. एवढा फरक ठेवू.

---

सीरम_आणि_स्लाइड

असं मांडलं तर मान्य. वेगळं बांधण्यात नुकसान नाही.

---

कोठा_कळमेश्वर

म्हैस आज मागच्या पडवीत नेली. शेळ्याही हलवल्या.

सीरम आहे, फ्रिजमध्ये. सकाळी परत करू. एक विचारायचं राहिलं, पक्की पॉझिटिव्ह ठरली तर त्या गायीचं करायचं काय? औषधाने निघतं का? आणि पारडू झालं तर?

---

गावचा_पशुवैद्य

औषधाच्या मागे लागू नका. जंतू पेशींच्या आत बसतो. अँटिबायोटिकने काही दिवस दबतो, दुधातून जंतू येणं पुन्हा सुरू होतं, आणि त्या काळातलं दूध औषधाच्या अंशामुळे वेगळंच वाया जातं.

बाहेरच्या देशांत पॉझिटिव्ह जनावर कापतात आणि कळप स्वच्छ करतात. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी आहे, २०१५ पासून बैल-वळूंच्याही, म्हणजे गायीपुरता तो मार्गच नाही. उरतं ते कायमचं वेगळं ठेवणं. बाजारात नेऊन विकणं हा मार्ग नाही. आठवड्याच्या बाजारातून ती दुसऱ्याच्या दावणीत जाते आणि तिथे गाभडते. शिवाय २००९ च्या केंद्रीय कायद्यात ब्रुसेलोसिस अनुसूचित रोग आहे, कळवणं आणि वेगळं ठेवणं ही मालकाची जबाबदारी. पशुधन विकास अधिकाऱ्यांना लेखी कळवा, रिपोर्टची झेरॉक्स जोडून. गोशाळेत द्यायची झाली तरी रिपोर्टसकट.

ठेवायची असेल तर : शेवटी धार काढायची, दूध नीट उकळल्याशिवाय घरातही वापरायचं नाही, डेअरीच्या कॅनमध्ये तर नाहीच. पुन्हा गाभण करायची का? माझा सल्ला नको. प्रत्येक वेत म्हणजे नवा धोका. ती गाभण राहिली नाही तर निम्मा प्रश्न संपतो.

पारडूबाबत. नर असेल तर तितकी काळजी नाही, वाढवून पैदाशीला मात्र वापरू नका. मादी असेल तर तिला चीक दुसऱ्या, निगेटिव्ह म्हशीचा पाजा. मिळत नसेल तर आईचाच चीक ६० अंशांत एक तास धरून. थर्मामीटर लावा, ६५ च्या वर गेला की घट्ट होऊन खरवस होईल. अशा वगारीचं रक्त सहा महिन्यांच्या आत तपासू नका, आईच्या चिकातली प्रतिपिंडं दिसतील. आणि पुढे निगेटिव्ह आली तरी खात्री नाही. पॉझिटिव्ह आईच्या काही माद्या पहिलं वेत होईपर्यंत निगेटिव्हच दिसतात आणि मग गाभ टाकतात. तिला दुधाळ म्हणून वाढवायचा बेत करू नका.

घरच्या खरवसाची चिंता नको, वाफेवर मध्यापर्यंत शिजतो. कच्चा चीक चाखून पाहायची सवय मात्र बंद.

---

पर्यवेक्षक_काटोल

आणि पुढच्या तारखा लिहून ठेवा. गाभडलेलीचा दुसरा नमुना २१ दिवसांनी. बाकी कळप ३० ते ६० दिवसांच्या अंतराने, सलग निगेटिव्ह येत राहीपर्यंत, मग सहा महिन्यांनी. जी जनावरं व्यायला टेकलीत किंवा नुकती व्याली त्यांचा नमुना व्याल्यावर तीन आठवड्यांनी परत, मधला निगेटिव्ह मोजायचा नाही.

याच कारणाने आठ-नऊ महिन्यांची गाभण गाय ‘निगेटिव्ह रिपोर्टसकट’ मिळाली तरी घेऊ नका. तिचा रिपोर्ट सर्वांत दुबळ्या वेळचा असतो. घेतलीच तर महिनाभर वेगळी, आणि व्याल्यावर परत रक्त.

राहिलेल्या ४ ते ८ महिन्यांच्या माद्या वासरांना लस टोचून घ्या, गायी-म्हशी दोन्हींच्या. मातीखाली २ मिली, आयुष्यात एकदा. गोऱ्हे-हेल्यांना नाही, गाभण जनावराला तर नाहीच. टोचणाऱ्याला हातमोजे आणि चष्मा. जिवंत लस आहे, सुई स्वतःला लागली किंवा डोळ्यात उडाली तर त्याच दिवशी दवाखाना, बाटली सोबत घेऊन.

---

शेळीवाला_उमरेड

वर ‘मातीखाली’ नाही, ‘कातडीखाली’.

---

पर्यवेक्षक_काटोल

हो, कातडीखाली. मोबाइलच्या कीबोर्डची कृपा.

---

गावचा_पशुवैद्य

एक राहिलं. जार कोणी काढला? उघड्या हाताने काढला असेल तर त्या माणसाने पुढचे काही महिने स्वतःकडे लक्ष ठेवावं. संध्याकाळचा ताप, रात्री घाम, कंबर आणि सांधे धरणं, वृषणाला सूज. बहुधा एक ते चार आठवड्यांत सुरू होतं, कधी महिने लागतात. हा ताप टायफॉइड समजून आठवड्याच्या गोळ्यांवर दबतो आणि परत येतो. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं, ‘गाभडलेल्या गायीचा जार हाताने काढला आहे.’ रक्ताचं कल्चर पाठवताना प्रयोगशाळेलाही ब्रुसेलाचा संशय लिहून द्यावा, हा जंतू सावकाश वाढतो आणि तिथल्या माणसांनाही त्याची लागण होते. बरं व्हायला दोन औषधं मिळून सहा आठवडे लागतात, ताप उतरला म्हणून मध्येच थांबवायची नाहीत.

---

कोठा_कळमेश्वर

जार गड्याने काढला, हातमोज्याशिवाय. उद्या त्याला घेऊन जातो.

सकाळी साडेसहाला परत आरबीपीटी केली. आठ-आठच्या खेपा, मायक्रोपिपेट उसनी आणली, पंखा बंद, कंट्रोल तिन्ही बरोबर आले. गाय आणि म्हैस चार मिनिटांच्या आत स्पष्ट. कालवडही आली, बारीक. शिवाय आधी निगेटिव्ह असलेली एक गाय, दुसऱ्या वेताची, बिल्ल्याचे शेवटचे चार आकडे ४१७६, साडेतीन मिनिटांना कडेला रवाळ. गाभडलेली अजून निगेटिव्ह.

---

सीरम_आणि_स्लाइड

४१७६ पण वेगळी बांधा, एलायझात पाचवी म्हणून घाला. आणि नळीवर बिल्ल्याचे बाराही आकडे लिहा, काचेवर पेनाने नाही, कागदाच्या पट्टीवर पेन्सिलने, वर पारदर्शक टेप. बर्फ वितळला की पेनाची शाई आधी जाते.